ग्राफक्यूएलसाठी हलका क्लायंट: अर्कल, टॅनस्टॅक की साधं फेच?

माणिकचमन | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, सल्ला हवाय. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसचं वेब अ‍ॅप माझ्याकडे आलंय. समोर रिअ‍ॅक्ट, मागे पोस्टग्रेस डेटाबेस आणि त्याच्या टेबलांवरून आपोआप ग्राफक्यूएल (हवी तेवढीच माहिती क्वेरी लिहून मागायची पद्धत) उभं करून देणारं एक तयार इंजिन. बॅकएंड माझ्या हातात नाही. स्कीमा आहे तो आहे, असं धरून चाला.

काम तसं सरळ आहे. गेटवर गाडी आली की कुठल्या बागायतदाराचा, कुठल्या प्लॉटचा माल, किती क्रेट, काट्यावर किती भरला, एवढी नोंद. पुढे टेबलांवर पेट्या, मग प्री-कूलिंग, मग कोल्ड स्टोरेज. ऑफिसातल्या टीव्हीवर दिवसभराची बेरीज. नोंदी करणारे सुपरवायझर, हातात स्वस्तातले अँड्रॉइड फोन. गेटवर रेंज बरी असते. कोल्ड रूमला पफ पॅनलच्या भिंती, आत शिरलं की रेंज गुल.

आधीच्या माणसाने अपोलो क्लायंट (ग्राफक्यूएलशी बोलणारी ब्राउझरमधली लायब्ररी) लावलाय. चालतो, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण या फोनांवर पान उघडायला फार वेळ जातो, आणि खुड्याच्या दिवसांत गेटवर गाड्यांची रांग असते. म्हणून काहीतरी हलकं बघतोय. डोक्यात तीन पर्याय आहेत: अर्कल (स्पेलिंग यू-आर-क्यू-एल), किंवा ग्राफक्यूएल-रिक्वेस्ट आणि त्यावर टॅनस्टॅक क्वेरी, किंवा सगळं काढून साधं फेच (ब्राउझरचं स्वतःचं विनंती पाठवायचं फंक्शन).

प्रत्यक्ष चालत्या अ‍ॅपमध्ये कोणी वापरलंय का? केबीचे आकडे मी बघितलेत. त्यापलीकडचं सांगा.

खवचट | रात्री १०:२०

वीस-पंचवीस केबी वाचवायला किती आठवडे घेणार? तोवर गेटवरच्या द्राक्षांचे बेदाणे होतील.

कसारा_लोकल | रात्री १०:४१

साधं फेच. विषय संपला.

आता सविस्तर. ग्राफक्यूएलची विनंती म्हणजे काय? एक पोस्ट. बॉडीत क्वेरीचा मजकूर आणि व्हेरिएबल्स. परत येतो जेसन. यासाठी लायब्ररी कशाला? वीसेक ओळींचं फंक्शन लिहा आणि मोकळे व्हा. दोन गोष्टी मात्र त्यात हव्यातच.

पहिली, सर्व्हरने ५०० दिला तरी फेच एरर फेकत नाही. ते फक्त नेटवर्कच तुटलं तर फेकतं. म्हणून रिस्पॉन्सचं ओके तपासायचं. दुसरी, ग्राफक्यूएलमध्ये बऱ्याचदा स्टेटस २०० येतो आणि आत एरर्सची यादी असते. म्हणजे २०० बघून खूश व्हायचं नाही, एरर्सची चावी रिकामी आहे का तेही बघायचं. आणि मधल्या प्रॉक्सीने जेसनऐवजी एचटीएमएलचं पान पाठवलं तर पार्स करताना फुटतं, तो तिसरा प्रकार. हे तिन्ही धरले की झालं.

निमाताई | रात्री ११:०५

कसारा, गाडी फास्ट आहे पण मधली स्टेशनं सोडताय :)

सुपरवायझरने प्लॉट ‘अ’ निवडला, लगेच चूक कळली म्हणून ‘ब’ निवडला. दोन विनंत्या गेल्या. रेंज अशी की ‘ब’चं उत्तर आधी आलं आणि ‘अ’चं मागून. स्क्रीनवर शीर्षक ‘ब’चं आणि क्रेट ‘अ’चे. हे तुमच्या वीस ओळींत कुठे धरलंय? जुनी विनंती रद्द करणारा अबॉर्ट कंट्रोलर लावा, पाच ओळी वाढल्या. वरच्या पट्टीत आणि खालच्या यादीत दोन्हीकडे बागायतदाराचं नाव लागतं, तर एकच विनंती दोनदा जाऊ नये. आणखी दहा ओळी. नोंद केल्यावर यादी ताजी व्हायला हवी, तर कुठल्या यादीला कळवायचं? इथून पुढे ओळी मोजायचं सोडून द्या.

आमच्याकडे असंच एक फंक्शन होतं. लिहिणारा नोकरी सोडून गेला. आता त्या फाइलला कोणी हात लावत नाही, फक्त इंपोर्ट करतात.

खवचट | रात्री ११:०९

निमाताई, शेवटच्या वाक्याची फ्रेम करून आमच्या ऑफिसात लावतो.

अनुष्टुभ | मंगळवार, सकाळी ७:५०

(सिएटलहून, इथे अजून सोमवारची संध्याकाळ आहे.)

थोडी पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे ‘हलका’ कशाच्या तुलनेत ते कळेल. ग्राफक्यूएल फेसबुकमध्ये २०१२ पासून आत वापरात होतं, बाहेर आलं २०१५ मध्ये. त्याच सुमारास त्यांचा रिले क्लायंट आला. ताकदवान, पण त्याचे नियम पाळायचे तर सर्व्हरही त्याच्या पद्धतीने लिहावा लागे. मग मीटिअरवाल्यांनी २०१६ मध्ये अपोलो काढला, तो वापरायला सोपा होता आणि सगळीकडे पसरला. पुढे त्यातही एकेक भर पडत गेली. २०१८ मध्ये फॉर्मिडेबल लॅब्जमधून अर्कल आला तो, ‘बहुतेकांना एवढं सगळं लागतच नाही’ या भूमिकेतून.

खरा फरक कॅशमध्ये (आलेली उत्तरं फोनवर साठवून ठेवायच्या जागेत) आहे. अपोलो आलेलं उत्तर फोडतो आणि प्रत्येक वस्तू टाइपनेम (वस्तूचा प्रकार) आणि आयडी या जोडीखाली एकदाच ठेवतो. क्रेट क्रमांक ४१चं वजन एका म्युटेशनमध्ये (डेटा बदलणाऱ्या विनंतीत) बदलून आलं की तो क्रेट जिथे जिथे दिसतोय तिथे आपोआप बदलतो, पुन्हा सर्व्हरकडे जावं लागत नाही. याला नॉर्मलाइज्ड कॅश म्हणतात आणि क्लायंटच्या वजनातला मोठा वाटा तिचा आहे.

अर्कलची मूळ कॅश एवढी हुशार नाही. क्वेरी आणि व्हेरिएबल्स मिळून एक चावी, त्या चावीखाली अख्खं उत्तर. त्यात कुठले टाइपनेम आले त्याची नोंद ठेवतो. म्युटेशनच्या उत्तरात ‘क्रेट’ हा टाइप दिसला की ज्या ज्या उत्तरांत ‘क्रेट’ होता ती सगळी बाद, आणि त्यातल्या ज्या क्वेऱ्या आत्ता स्क्रीनवर आहेत त्या पुन्हा सर्व्हरकडे जातात.

म्हणजे केबी वाचतात आणि विनंत्या वाढतात. रेंज कमी असलेल्या ठिकाणी हा सौदा परवडतो का, हे माणिकचमन यांनी ठरवायचं. नॉर्मलाइज्ड कॅश हवीच असेल तर अर्कलसाठी ग्राफकॅश नावाचा जोड आहे. पण तो लावल्यावर ‘हलका’ हे विशेषण थोडं जपून वापरावं लागेल.

बेलापूरकर | सकाळी ९:१५

पोस्टवर ब्राउझरची एचटीटीपी कॅश चालत नाही, म्हणून जावास्क्रिप्टमध्ये दुसरी कॅश लिहायची, आणि मग ती जड झाली म्हणून हलकी शोधायची. रेस्ट (प्रत्येक माहितीला वेगळा पत्ता देणारी पद्धत) ठेवलं असतं तर एचटीटीपीची ‘GET’ विनंती, ईटॅग (उत्तराच्या आवृत्तीची खूण), काही बदललं नसेल तर ३०४ आणि रिकामी बॉडी. सगळं ब्राउझरमध्ये आहे, शून्य केबी.

माणिकचमन | सकाळी ९:३२

बेलापूरकर, मान्य. पण बॅकएंड माझ्या हातात नाही हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय.

अनुष्टुभ, फार छान समजावलंत. एक शंका. आमच्याकडे अपडेट जवळजवळ नसतातच. सगळ्या नव्या नोंदी. नवा क्रेट आला तर अपोलोच्या त्या हुशार कॅशला कळतं का, की हा अमुक यादीत घालायचाय?

अनुष्टुभ | सकाळी ९:५८

नाही कळत. नवीन वस्तू कॅशमध्ये जाते, पण कुठल्या यादीत कितव्या जागी बसवायची हे त्याला कुठून कळणार? तुम्ही अपडेट फंक्शन लिहून बसवायची किंवा ती यादी पुन्हा मागवायची. म्हणजे तुमच्या कामात नॉर्मलाइज्ड कॅशचा मोठा फायदा मिळतच नाहीये. हे आधी सांगितलं असतंत तर माझे तीन परिच्छेद वाचले असते :D

रंकाळ्याकाठी | सकाळी १०:४०

अर्कल दोन वर्षांपासून वापरतोय, योगायोगाने अशाच टेबलांवरून आपोआप ग्राफक्यूएल देणाऱ्या इंजिनावर. तीन ठिकाणी ठेच लागते. हे नीट वाचा भावा, डॉक्युमेंटेशनमध्ये एकेका ओळीत आहे आणि डोळ्यांना चुकतं.

एक, रिकामी यादी. सकाळी पहिली गाडी यायच्या आधी पान उघडलं. आजचे क्रेट मागितले, उत्तर रिकामं. रिकाम्या यादीत टाइपनेम कुठून असणार? अर्कलच्या लेखी त्या उत्तराचा क्रेटशी संबंधच नाही. पहिली नोंद केली तरी यादी रिकामीच. दुसऱ्या दिवशी तुम्ही तपासता तेव्हा यादीत माल असतो आणि सगळं व्यवस्थित चालतं. सुपरवायझर म्हणतो सकाळी बंद होतं, तुम्ही म्हणता माझ्याकडे चालतंय.

दोन, बेरजा. अशा इंजिनात क्रेट टेबलाची मोजदाद वेगळ्या टाइपची असते, ‘क्रेट-अ‍ॅग्रिगेट’ म्हणा. एक नोंद घालणाऱ्या म्युटेशनच्या उत्तरात ‘क्रेट’ येतो. बेरजेच्या क्वेरीत ‘क्रेट’ कुठेच नाही. दोघांची गाठ पडत नाही आणि बेरीज जुनीच राहते. तुमच्या टीव्हीचं नेमकं हेच होणार.

तीन, एकदम बऱ्याच नोंदी घालून उत्तरात फक्त ‘किती ओळींवर परिणाम झाला’ एवढंच मागितलं तर परत येतो ‘क्रेट-म्युटेशन-रिस्पॉन्स’ असला टाइप. त्यानेही कुठलीच यादी बाद होत नाही. रिटर्निंगमध्ये निदान आयडी तरी मागा, म्हणजे आतले क्रेट दिसतात.

पहिल्या दोन्हींवर औषध एकच, क्वेरीच्या कॉन्टेक्स्टमध्ये ‘अ‍ॅडिशनल टाइपनेम्स’ देऊन सांगायचं की हिचा संबंध क्रेटशी आहे. आणि तो कॉन्टेक्स्ट ऑब्जेक्ट युजमेमोमध्ये (तोच ऑब्जेक्ट टिकवून ठेवणाऱ्या रिअ‍ॅक्टच्या फंक्शनमध्ये) गुंडाळायला विसरू नका. प्रत्येक रेंडरला नवा ऑब्जेक्ट गेला की क्वेरी पुन्हा, उत्तर आलं की रेंडर पुन्हा, बसा फिरत.

माणिकचमन | सकाळी ११:०२

रंकाळ्याकाठी, तुम्ही नाशिकला आलात की माल माझ्याकडून. मुद्दा क्रमांक दोन मला एकट्याला सापडायला अख्खा सीझन गेला असता.

गोंयकार | सकाळी ११:३०

मालाचं निघालंच आहे तर विचारतो, माणिकचमन हे द्राक्षाचं नाव ना? आमच्याकडे मापशाच्या बाजारात सगळ्याच हिरव्या द्राक्षांना नुसतं ‘द्राक्षां’ म्हणतात.

माणिकचमन | सकाळी ११:४४

हो, थॉमसन सीडलेसमधून निवडून पुढे आणलेली जात. सोनाका, तास-ए-गणेश हीसुद्धा त्याच घरातली.

कृष्णाकाठचा | दुपारी १२:१०

तास-ए-गणेश आमच्या तासगावचं. नाशिककरांनी नाव घेतलं की गावाचंही घ्यावं एवढीच नम्र विनंती. बाकी क्लायंटातलं काही कळत नाही, वाचतोय.

आजोबा_कोबोल | दुपारी १:२५

बाळांनो, तुमचं चालू द्या. आमच्या वेळी आयबीएमचं ३२७० टर्मिनल असायचं, १९७१ सालचं डिझाइन. पडद्यावर फॉर्म यायचा, आपण भरायचा आणि एंटर दाबलं की फक्त बदललेली फील्डं मेनफ्रेमकडे जायची. प्रत्येक फील्डला ‘बदललं’ असा एक बिट असे. लाइन संथ होती, म्हणून मुळापासूनच जपून विचार केलेला. पन्नास वर्षांनी तुम्ही फोनवर तेच शोधताय हे बघून बरं वाटलं.

खवचट | दुपारी १:३१

आजोबा, त्याचं बंडल किती केबीचं होतं?

आजोबा_कोबोल | दुपारी १:५०

दोन माणसांनी उचलावं लागे.

कसारा_लोकल | दुपारी २:३५

पुन्हा मुद्द्यावर येतो. माणिकचमन, एक करा. फोन केबलने जोडा, क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा आणि बघा, प्रत्येक पोस्टच्या आधी ‘ऑप्शन्स’ असं काही दिसतंय का? अ‍ॅप एका डोमेनवर आणि ग्राफक्यूएल दुसऱ्या, असं आहे का?

माणिकचमन | दुपारी ३:२०

दिसतंय. अ‍ॅप एका सबडोमेनवर, एपीआय दुसऱ्यावर. पान उघडल्यावर क्वेरीच्या आधी ऑप्शन्स, मग पोस्ट.

कसारा_लोकल | दुपारी ३:३४

मग क्लायंटवर कशाला डाफरताय! हे कॉर्सचं प्रीफ्लाइट. सबडोमेन वेगळं म्हणजे ओरिजिन वेगळं. कंटेंट टाइप जेसन असलेली पोस्ट दुसऱ्या ओरिजिनकडे पाठवायची तर ब्राउझर आधी परवानगी विचारून येतो. कमी रेंजमध्ये एक फेरी म्हणजे फोन हातात धरून वाट बघत उभं राहणं, आणि तुम्ही प्रत्येक वेळी दोन फेऱ्या मारताय. अ‍ॅक्सेस-कंट्रोल-मॅक्स-एज हेडर नसेल तर परवानगी पाच सेकंदच लक्षात राहते. हेडर दिलं तरी क्रोम दोन तासांवर ठेवत नाही, फायरफॉक्स २४ तास ठेवतो.

त्यापेक्षा एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये एक लोकेशन टाका, अ‍ॅपच्याच डोमेनवरून ग्राफक्यूएलकडे वाट (प्रॉक्सी) काढा. ओरिजिन एकच झालं की प्रीफ्लाइट मुळातच नाही. बॅकएंडला हात लावावा लागत नाही.

निमाताई | दुपारी ३:५०

कसारा यांना याबद्दल शंभर टक्के अनुमोदन. वीस ओळींच्या फंक्शनबद्दल नाही.

नेटवर्क टॅब उघडाच आहे तर साइझच्या कॉलमवर क्लिक करून उतरत्या क्रमाने लावा. वर काय येतंय?

माणिकचमन | दुपारी ४:०५

वर आमचं बंडल (अ‍ॅपच्या कोडची फाइल). दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर फॉन्ट! मराठी देखणं दिसावं म्हणून साधं आणि ठळक अशा दोन वजनांचा वेबफॉन्ट लावला होता. दोन्ही मिळून अपोलोपेक्षा जास्त भरतात.

निमाताई | दुपारी ४:१२

वाटलंच. जोडाक्षरांची रूपं, मात्रांच्या जागा हे सगळं फाइलमध्ये असतं, देवनागरी फॉन्ट लॅटिनइतका लहान होत नाही. आणि गेटवरच्या फोनांना त्याची गरजच नाही, अँड्रॉइडमध्ये नोटोचा देवनागरी फॉन्ट आधीच असतो. फॉन्ट-फॅमिलीत सिस्टिमचा फॉन्ट ठेवा आणि बघा. टीव्हीच्या पानावर हवा तर राहू दे, तिथे वायफाय आहे.

खवचट | दुपारी ४:१५

म्हणजे अपोलो बिचारा साक्षीदार होता आणि सकाळपासून आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे.

बेलापूरकर | दुपारी ४:४०

मला टॅनस्टॅकबद्दल ऐकायचं होतं, त्यावर कोणी बोललंच नाही. आमच्याकडे रेस्टवर आहे, सांगतो.

ते ग्राफक्यूएलचं नाहीच मुळात. कुठलंही प्रॉमिस द्या, ते चावीखाली ठेवतं. त्यामुळे ग्राफक्यूएल-रिक्वेस्ट नुसतं पत्र टाकून येतं आणि कॅश, लोडिंग, पुन्हा प्रयत्न हे टॅनस्टॅक बघतं. कुठल्या म्युटेशननंतर कुठली चावी बाद करायची ते तुम्ही स्वतः लिहायचं. रंकाळ्याकाठींनी सांगितलेली टाइपनेमची भानगड इथे नाही, पण विसरलात तर यादी जुनी राहणार ती तुमच्या कर्माने.

डीफॉल्ट मात्र बघून घ्या. स्टेलटाइम शून्य असतो, म्हणजे आलेला डेटा त्याच क्षणी शिळा. त्यात रीफेच-ऑन-विंडो-फोकस चालू. सुपरवायझर मधेच व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊन आला की स्क्रीनवरच्या सगळ्या क्वेऱ्या पुन्हा जातात. आणि तो किती वेळा जातो ते तुम्हाला माहीतच असेल. फसलेली क्वेरी आपोआप आणखी तीन वेळा मारून बघतो, त्यामुळे रेंज असूनही सर्व्हर अडला असेल तर वापरणाऱ्याला बराच वेळ नुसतं चक्र दिसतं. म्युटेशन मात्र आपणहून पुन्हा मारत नाही, ते बरोबरच आहे.

कृष्णाकाठचा | सायंकाळी ५:०५

शेवटचं वाक्य कळलं नाही. पुन्हा का मारायचं नाही? रेंज नसेल तर पुन्हा पाठवायलाच हवं ना?

रंकाळ्याकाठी | सायंकाळी ५:२५

चांगला प्रश्न. फोनने नोंद पाठवली. सर्व्हरला पोचली, टेबलात बसली. उत्तर परत येताना रेंज गेली. फोनच्या दृष्टीने काम फसलं. त्याने पुन्हा पाठवली की एकाच गाडीचे क्रेट दोनदा. संध्याकाळी बागायतदाराला आनंद आणि मालकाला घाम.

उपाय क्लायंटच्या लायब्ररीत नाही. नोंदीचा आयडी फोनवरच तयार करायचा, यूयूआयडी म्हणजे पुन्हा न येणारा लांबलचक क्रमांक, सुपरवायझरने ‘जतन’ दाबताक्षणी. पुन्हा कितीही वेळा पाठवा, आयडी तोच. टेबलात तो प्रायमरी की असला की दुसरी नोंद बसत नाही. अशा इंजिनात इन्सर्टला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ देता येतं, म्हणजे एररही न येता गप राहतं.

ब्राउझरमधलं क्रिप्टोचं रँडम-यूयूआयडी फंक्शन फक्त सुरक्षित ओरिजिनवर मिळतं बरं का. एचटीटीपीएसवर आहे, लोकलहोस्टवर आहे, पण फोनवर तपासायला लॅपटॉपचा १९२.१६८ वाला पत्ता साध्या एचटीटीपीने उघडलात की ‘असं काही फंक्शन नाही’ म्हणेल.

माणिकचमन | सायंकाळी ५:४८

कोल्ड रूमचं काय करू मग? तिथे रेंज अर्धा-अर्धा तास नसते. सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये मागे चालणाऱ्या स्क्रिप्टने) कॅश करता येईल का?

कसारा_लोकल | सायंकाळी ६:१०

सर्व्हिस वर्करच्या कॅशमध्ये पोस्ट ठेवता येत नाही, ती फक्त ‘GET’ विनंत्या घेते. पोस्ट द्यायला गेलात तर टाइपएरर. अ‍ॅपच्या फाइली ठेवा तिच्यात, म्हणजे आत शिरल्यावर पान तरी उघडेल. नोंदींसाठी इंडेक्स्ड-डीबीत (ब्राउझरमधल्या डेटाबेसात) एक रांग. जतन म्हणजे रांगेत टाकणं, रेंज आली की एकेक पाठवणं, उत्तर आलं की रांगेतून काढणं. आयडी रंकाळ्याकाठी म्हणाले तसा.

अनुष्टुभ | रात्री ८:३०

ग्राफकॅशबरोबर ऑफलाइन एक्स्चेंज मिळतं, तेही इंडेक्स्ड-डीबीतच ठेवतं आणि ऑफलाइन असताना केलेली ऑप्टिमिस्टिक (उत्तराआधीच यशस्वी धरलेली) म्युटेशन्स नंतर पाठवतं. स्वतःची रांग लिहिण्यापेक्षा ते बघा.

निमाताई | रात्री ८:५५

इथे मी चक्क कसारांच्या बाजूने, नोंद करून ठेवा. ही रांग धंद्याची गोष्ट आहे. ‘किती नोंदी पाठवायच्या राहिल्यात’ हे सुपरवायझरला लाल अक्षरांत दिसलं पाहिजे, फसलेली नोंद उघडून दुरुस्त करता आली पाहिजे. लायब्ररीच्या पोटात ती गेली की हे दाखवणं अवघड होतं. वाचायच्या डेटासाठी लायब्ररी, लिहायच्या नोंदींसाठी स्वतःची रांग.

अनुष्टुभ | रात्री ९:१०

एकाच टाइपच्या स्क्रीनसाठी हे ठीक आहे. दहा प्रकारच्या नोंदी झाल्या की ती रांग तुमच्या त्या ‘फक्त इंपोर्ट करतात’ फाइलच्या वाटेने जाईल. मी मत बदलत नाही.

कसारा_लोकल | रात्री ९:१४

निमाताईंचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवतोय.

माणिकचमन | शनिवार, रात्री ९:४०

धाग्याचा अपडेट.

प्रॉक्सी टाकली, प्रीफ्लाइट गेलं. गेटच्या आणि कोल्ड रूमच्या पानांवरून वेबफॉन्ट काढला. एवढ्यावरच गेटवरच्या पोराने विचारलं की फोन बदलला का. क्लायंटला तोवर हातही लावला नव्हता.

मग क्लायंट. अर्कल घेतोय, मूळ साध्या कॅशसकट, ग्राफकॅश नाही. कारण अनुष्टुभ यांच्याशी बोलताना निघालं तेच: आमच्या सगळ्या नव्या नोंदी, त्यामुळे अपोलोच्या कॅशचं वजन उचलून आम्हाला काही मिळत नव्हतं. बागायतदार आणि प्लॉटच्या याद्या कॅश-फर्स्टवर (साठवलेलं असेल तर तेच), त्या सीझनमध्ये क्वचित बदलतात. आजच्या क्रेटची यादी कॅश-अँड-नेटवर्कवर, म्हणजे जुनं लगेच दिसतं आणि मागून ताजं येतं. बेरजांना अ‍ॅडिशनल टाइपनेम्स, युजमेमोसकट. नोंदींची रांग वेगळी, ती साध्या फेचने पाठवतो, कसारांच्या तिन्ही तपासण्यांसह. रांगेतून नोंद गेली की अर्कलला त्याचा पत्ता नसतो, म्हणून यादी आणि बेरजेच्या क्वेऱ्या मीच नेटवर्क-ओन्लीने (थेट सर्व्हरकडून) पुन्हा चालवतो.

टॅनस्टॅक नाकारायला तसं सबळ कारण नाही. आधीच्या कोडमध्ये क्वेऱ्या अपोलोच्या हुकने लिहिलेल्या होत्या आणि अर्कलचा हुक जवळचा पडला, एवढंच.

खवचट | रात्री ९:४६

थोडक्यात: अर्कल वाचायला, फेच लिहायला, म्हणजे दोघेही जिंकले. असा निकाल आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कधी लागत नाही.

बेलापूरकर | रात्री १०:०५

ऑफिसच्या टीव्हीचं काय केलंत? त्या टीव्हीवरून कोणी नोंद करत नाही, म्हणजे तिथे म्युटेशन होणारच नाही. अर्कलला कळणार कसं की गेटवर नवा क्रेट आला?

माणिकचमन | रात्री १०:२१

हे राहिलंच होतं. सबस्क्रिप्शन (बदल झाला की सर्व्हरनेच कळवणं) लावू का? इंजिन ते वेबसॉकेट या सतत उघड्या जोडणीवर देतं.

रंकाळ्याकाठी | रात्री १०:३८

लावता येईल. अर्कलमध्ये सबस्क्रिप्शन एक्स्चेंज आहे, त्याला ग्राफक्यूएल-डब्ल्यूएस जोडायचं. पण आकडा मिनिटभर उशिरा बदलला तर ऑफिसात कोणाचं अडतंय? सेटइंटरव्हल लावा आणि दर मिनिटाला ती एकच क्वेरी नेटवर्क-ओन्लीने पुन्हा चालवा. युजइफेक्टमधून बाहेर पडताना क्लिअरइंटरव्हल करायचं. वेबसॉकेट तुटलं की पुन्हा जोडायचं, टोकन संपलं की नवं द्यायचं, हे सगळं एका टीव्हीसाठी कशाला अंगावर घेता?

कसारा_लोकल | रात्री १०:४४

आणि त्या सेटइंटरव्हलमध्ये फेच वापरलं तरी चालेल, म्हणून सांगून ठेवतो.